विश्लेषण : कोयनेचे आकडे सांगलीकरांना कळतील असे का मांडले जात नाहीत?

पावसाळ्यात कराडपासून सांगलीपर्यंतच्या मोबाइलवर दिवसातून अनेकदा एक संदेश फिरतो. कोयनेचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये, आयर्विन पुलाजवळची पातळी फूट-इंचांत आणि अलमट्टीची समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. माहितीची टंचाई नाही. तरीही नदीकाठच्या कुटुंबाचा साधा प्रश्न, आज रात्री सामान हलवायचे का, त्यातून सुटत नाही.

साठा आणि विसर्ग यांची सांगड कशी?

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. पहिले साठ्याचे माप, दुसरे प्रवाहाचे. सलग २४ तास ११,५७४ क्युसेक पाणी सोडले, तर एक टीएमसी बाहेर पडते. हा दुवा ठाऊक नसेल तर दोन्ही आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. ‘पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग सुरू’ ही ओळ वाचून काळजाचा ठोका चुकतो, पण ते दिवसाला जेमतेम ०.१८ टीएमसी. ५० हजार क्युसेक म्हणजे मात्र दिवसाला ४.३२ टीएमसी. संदेशात दोन्ही ओळी सारख्याच दिसतात.

शिवाय सांगलीत येणारे पाणी एकट्या कोयनेचे नसते. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला; धरणांखालच्या ओढ्या-नाल्यांचे पाणी वेगळेच. त्यामुळे कोयनेचे दरवाजे बंद असतानाही आयर्विनची पातळी चढू शकते.

फूट, इंच आणि टिंब

सांगलीकरांच्या दृष्टीने सर्वात कामाचा आकडा आयर्विनचा. तेथे इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट. गडबड होते ती लिहिण्यात. ‘३९ फूट ११ इंच’ घाईत ‘३९.११’ होते आणि दशांश समजून वाचणाऱ्याला ते ‘३९.९’ पेक्षा कमी वाटते. प्रत्यक्षात इशारा पातळी इंचावर आलेली असते. पूर ओसरतोय की चढतोय, हेच उलटे वाचले जावे, यासारखी धोक्याची चूक नाही.

दुसरी अडचण ‘इशारा’ या शब्दाचीच. शहरातील सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट यांसारख्या सखल वस्त्यांत ४० फुटांच्या आधीच पाणी शिरू लागते. तेथील रहिवाशांसाठी इशारा पातळी म्हणजे उशीर झालेली पातळी. हवामान विभागाच्या रंगांचेही तसेच. लाल, नारंगी, पिवळा हे त्या-त्या जिल्ह्यातील पावसाचे इशारे आहेत. साताऱ्याच्या घाटमाथ्यावर लाल रंग आणि सांगलीत पिवळा, असे असताना महापूर येऊ शकतो, कारण पाणी वरून येते.

२०१९ मध्ये काय घडले?

२००५ च्या पुराची खूण हीच अनेकांची मोजपट्टी होती. पाणी त्यावर चढणार नाही, या हिशेबाने बरीच कुटुंबे घरातच थांबली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनजवळ पातळी ५७ फुटांवर गेली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटून जीवितहानी झाली. उशिरा निघण्याची कारणे अनेक असतात. भिंतीवरची खूण टीएमसीपेक्षा लवकर कळते, हे त्यातले एक. खूण खोटी नव्हती, अपुरी होती.

विमानांतील धडा

आकडा बरोबर आणि वाचन चुकीचे, हा प्रश्न विमानक्षेत्राने फार पूर्वी हाताळला. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये उपकरणे वाचताना वैमानिकांकडून झालेल्या २७० चुका तपासल्या. तीन काट्यांच्या उंचीमापकावर हजार फुटांची गफलत सहज होत होती. वैमानिकाला दोष देण्याऐवजी तबकडी बदलण्याचा विचार तेथून रुजला. पूरसंदेशाच्या बाबतीत मात्र अजून ‘लोकांनी घाबरून जाऊ नये’ एवढ्यावरच भागवले जाते.

मग बदल कोणता?

नवी यंत्रे लागणार नाहीत. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदा विभागाची तत्क्षणी माहिती जमवणारी यंत्रणा आहे. हवी ती मांडणी. सांगलीसाठीच्या संदेशात पहिली ओळ आयर्विनची असावी. फूट आणि इंच अक्षरात, मागच्या तीन तासांत किती चढली वा उतरली हे शेजारी. पुढे, या पातळीला कोणत्या गल्लीत पाणी येते, हे नावानिशी. टीएमसी आणि मिलिमीटर खाली गेले तरी चालतील. अभियंत्यांना ते तेथेही सापडतील. आणि प्रत्येक संदेशावर तारीख व वेळ ठळक हवी. पुराच्या रात्री सर्वाधिक गोंधळ घालतो तो कालचाच, पुन्हा पुढे ढकललेला संदेश.