रेल्वे राणीने दिली?

डोंबिवलीच्या गर्दीत लोकलला लटकताना कुणीतरी हमखास म्हणतं, "काही म्हणा, रेल्वे ही राणीचीच कृपा!" मला हे अजिबात पटत नाही.

तारखाच बघा ना. व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ गादीवर होती. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, कल्याणला १८५४ मध्ये. तेव्हा इथे राज्य होतं कंपनी सरकारचं. राणीचा थेट अंमल सुरू झाला १८५८ ला. १८७७ मध्ये ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, पण इथे एकदाही आली नाही.

बरं, पैसा कुणाचा? भागधारक विलायतेतले, पण त्यांना ५ टक्के व्याजाची हमी. उत्पन्न कमी पडलं की तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या शेतसाऱ्यातून भरायची! रेल्वे यावी म्हणून मुंबईत खटपट केली नाना शंकरशेटांनी, रूळ टाकले मजुरांनी. राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून १८८७ मध्ये स्टेशनला नाव मात्र राणीचं!

१९९६ मध्ये व्हीटीला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, उत्तमच झालं. पण पाटी बदलली तरी 'कृपा' डोक्यातून गेलेली नाही. उद्या आपण पूल बांधू, बोगदे खणू. कोनशिलेवर कुणा साहेबांचं नाव असेलच. आपण मात्र दोन प्रश्न विचारायला विसरायचं नाही: पैसा कुणाचा आणि घाम कुणाचा?