दारू पिऊन गाडी ठोकली, तर भरपाई कोण देणार?



सिडकोतल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. यजमान वाळूजला कारखान्यात कायम नोकरीला, वय ३८, पगार महिना १८ हजार. रात्रपाळीहून परतताना मागून आलेल्या मोटारीने उडवले, त्यात ते गेले. मोटार चालवणारा प्यायलेला होता. घरात सासूबाई आणि दोन मुले. आता मोटारवाल्याची माणसे दिरांना येऊन सांगतात की, "आमचा माणूस प्यायलेला होता, त्यामुळे विमा कंपनी एक पैसा देणार नाही. दोन लाख घ्या आणि मिटवून टाका." कागदावर सही करू का, असे त्या विचारतात.

बाई, सही करू नका.

एका अपघातातून दोन वेगळी प्रकरणे निघतात. एक पोलिसांचे, म्हणजे शिक्षेचे. दुसरे आपले, म्हणजे भरपाईचे; ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालते. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरे अडकवून ठेवायचे नसते. मुंबईत कार्टर रोडला १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे आलिस्टर परेराची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. ७ जण गेले, ८ जखमी झाले. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने तीन वर्षे केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली तेव्हा २०१२ साल उजाडले होते! तोवर घरची चूल कशावर पेटवायची?

आता "प्यायला होता म्हणून विमा नाही" या बोलण्याविषयी. त्याच्या स्वतःच्या मोटारीचे नुकसान कंपनी नाकारू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसे म्हटले आहे. पण रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा यात काय दोष? १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नशेचा मुद्दा कंपनीच्या बचावात आला, आणि तिचा वकील तो मांडणारच. तरी केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलेला निकाल वकिलांना जरूर दाखवा. कंपनीने आधी पीडितांना पैसे द्यावेत, मग चालकाकडून आणि मालकाकडून वसूल करावेत, असा तो आहे.

दोन लाख किती थोडे आहेत, ते हिशेबानेच पाहू. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या रीतीने कायम नोकरी आणि चाळिशीच्या आतले वय असेल तर पगारात निम्मी भर घालतात. १८ चे २७ हजार झाले. मागे पत्नी, दोन मुले, आई असे चौघे, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. राहिले २० हजार २५०. वर्षाचे २ लाख ४३ हजार. ३६ ते ४० वयाला १५ ने गुणतात. झाले ३६ लाख ४५ हजार! अंत्यविधीचे आणि वियोगाचे आणखी वेगळे.

आणि गेलेली व्यक्ती गृहिणी असली तर? "ती काय कमावत होती" असे विचारणारे भेटतातच. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने घरकामाची किंमत वर्षाला ३६ हजार धरली. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईला महिना तीन हजार मला तेव्हाच्या मानानेही कमीच वाटतात. पण शून्य नाही, हे तरी कायद्याच्या पुस्तकात आले. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की, गृहिणीचे उत्पन्न धरलेच पाहिजे.

दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अपघात परगावी झाला असला तरी आपण राहतो तिथे दावा करता येतो. पोलिसांतली फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, पगाराचा दाखला, समोरच्याच्या गाडीचे आणि विम्याचे कागद यांच्या नकला जमवा. चालकाच्या रक्ततपासणीचा अहवाल आवर्जून मागा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्य निघाले की तो कायद्याने नशेत ठरतो. पुण्यात मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली, हे आपण वाचले आहेच.

आता जरा आपल्या घरात डोकावू. पुष्कळ घरी मोटार किंवा स्कूटर हौसेने बायकोच्या नावावर घेतात. पेढे वाटतात, फोटो काढतात. पण नोंदणी पुस्तकात नाव तुमचे, म्हणजे कायद्याने मालक तुम्ही. यजमानांनी किंवा भाच्याने पिऊन ती कुणाच्या अंगावर घातली, तर दाव्यात प्रतिवादी म्हणून तुमचे नाव येते आणि कंपनीची वसुलीही तुमच्या दारी येते. पिऊन चालवणारा स्वतःच त्यात गेला, तर चूक त्याचीच म्हणून वारसांना तिऱ्हाइताची भरपाई मिळत नाही. मालक-चालकाचा जो १५ लाखांचा अपघात विमा असतो, त्यातूनही नशा वगळलेली असते. तेव्हा पार्टीला निघताना किल्ली कुणाच्या हाती द्यायची, हे विचारायचा तुम्हाला पुरता हक्क आहे. भांडण झाले तरी चालेल!

वकिलाच्या फीची काळजी असेल तर अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय विचारा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. मूळ कागद मात्र कुणालाही देऊन येऊ नका.