शिबिरातून मुलीला घेऊन गेलेल्या पालकांस



राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या तिसऱ्या रात्री तुम्ही गाडी घेऊन आलात. शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्या स्वयंसेवकांदेखत, "पोरांना बिगारी करायला लावायची फी भरतो का आम्ही?" असं मला विचारलंत आणि मुलीला घेऊन गेलात. मुलांसमोर शोभा नको म्हणून मी गप्प बसलो. पण लागायचं ते लागलंच. तुमच्यासारखे पालक दरवर्षी भेटतात, म्हणून हे जाहीरपणे लिहितोय.

राष्ट्रीय सेवा योजना ही काही माझ्या डोक्यातली टूम नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969 साली, 37 विद्यापीठांत ती सुरू झाली. आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घालत होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, थर रचायचे. तुमच्या मुलीच्या हाताला फोड आले, हे खरं. तुम्ही तेवढेच पाहिलेत.

वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज मागच्या बाकावरून पुढे पोचत नाही, ती तुमची मुलगी. गावात सर्वेक्षणाला गेली तेव्हा आधी मैत्रिणीच्या पाठीमागेच उभी होती. एका आजींनी तिलाच हाताला धरून ओट्यावर बसवलं. "तू इचार गं, ही लई भरभर बोलती." मग पाणी कुठून आणता, उन्हाळ्यात किती हेलपाटे पडतात, हे सगळं ती विचारत बसली. संध्याकाळी गटचर्चेत उभं राहून सांगितलंही. आवाज कापत होता, पण कागद हातात असून त्यात पाहिलं नाही. समारोपाला सरपंचांसमोर तिनंच बोलायचं, असं गटानं ठरवलं. त्याच रात्री तुमची गाडी आली.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल विचारलं असतंत, तर एकेका गोष्टीचं उत्तर दिलं असतं. तो तुमचा हक्कच आहे. तुम्ही विचारलंत अंघोळीच्या गार पाण्याचं आणि सतरंजीचं. पोरगी रडतेय, म्हणालात. पहिल्या रात्री घरच्या आठवणीनं रडली होती. गाडीत बसताना कशासाठी रडली, ते तिलाच विचारा.

आता निरोप आलाय, जादा गुणांसाठी प्रमाणपत्र तेवढं द्या. शिबिर पूर्ण केल्याशिवाय आणि दोन वर्षांचे 240 तास भरल्याशिवाय ते मिळत नाही. पुढचं शिबिर याच गावात आहे. यादीत नाव घालायचं की नाही, हे तिला स्वतः येऊन सांगू द्या. तुमचा फोन नको.

आपला,
कार्यक्रम अधिकारी