रुमालाखालचा बाजार

यावलसारख्या तालुक्याच्या गावी व्यापाऱ्यांची बैठक आता पेढीवर कमी आणि हातातील फोनवर अधिक भरते. किराणा दुकानदार, कृषी सेवा केंद्राचा चालक, केळीचा छोटा खरेदीदार, टेम्पोमालक यांचे व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहेत. रिकाम्या परतणाऱ्या गाडीची खबर, उधारी थकवणाऱ्याचे नाव, आजचा भाव, सारे तेथे क्षणात कळते. या सोयीची थट्टा करण्याचे कारण नाही. घरपोच माल पाठवणाऱ्या बलाढ्य कंपन्यांपुढे एकट्या दुकानदाराचा टिकाव लागणार नाही. आपल्या चळवळीने मात्र या वर्गावर ‘क्षुद्र भांडवलदार’ असा शिक्का मारून त्याच्याकडे पाठ फिरवली. ती पोकळी कोणी भरून काढली, हे खानदेशातील कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

प्रश्न आहे तो या बाजाराच्या मालकीचा आणि उघडेपणाचा. पूर्वी दलाल व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी मुकाट उभा राही. मुंबई प्रांतात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला, पुढे महाराष्ट्रात १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला. उघडा लिलाव, परवाना आणि खरे माप या साध्या मागण्यांसाठी एवढी वर्षे लागली. बाजार समित्या पुढे कोणाच्या मुठीत गेल्या, हा वेगळा विषय. पण भाव चारचौघांत बोलला जावा, हे तत्त्व तरी मान्य झाले होते.

फोनवर तो रुमाल परत आला आहे. बऱ्हाणपूरच्या लिलावातील केळीचा भाव गटावर येतो, पण तो कोणत्या प्रतीच्या मालाचा हे लिहिलेले असतेच असे नाही. खरा सौदा दोघांच्या खाजगी संदेशांत होतो. गटाचा चालक हवे तेव्हा इतरांची लिहिण्याची सोय बंद करू शकतो. आणि या सर्वांच्या डोक्यावर बसलेली कंपनी? व्हॉट्सअ‍ॅप २०१४ साली फेसबुकने विकत घेतले. २०२१ साली वापरणाऱ्यांवर लादलेल्या नव्या अटींबद्दल स्पर्धा आयोगाने २०२४ मध्ये या कंपनीस २१३ कोटी रुपयांचा दंड केला. २०२५ साली अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. परंतु जाहिरातींसाठी माहिती सोबतच्या कंपन्यांना देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी उठवली. ज्या जागेवर यावलचा दुकानदार आपली पेठ भरवतो, त्या जागेच्या अटी ठरवताना त्याला कोणी विचारीत नाही.

याला पर्याय नाही, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील व्हरमाँट राज्याकडे पाहावे. ज्या बर्लिंग्टन शहराने १९८१ साली बर्नी सँडर्स या समाजवाद्यास महापौर केले, तेथेच २००६ साली ‘फ्रंट पोर्च फोरम’ ही शेजाऱ्यांची संदेश-व्यवस्था सुरू झाली. तिचे पगारी कर्मचारी प्रत्येक संदेश वाचून मगच प्रसिद्ध करतात. स्थानिक दुकानांच्या जाहिराती हा तिच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार आहे. तीही कंपनीच आहे, सहकारी संस्था नव्हे. पण ती गावाला जवळची आहे, जाब विचारता येईल अशी आहे.

आपल्याकडे १९६० चा सहकार कायदा आहे. सहकार म्हटले की जळगाव जिल्ह्यात बुडालेल्या पतसंस्था आठवून लोक कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांचे चुकत नाही. तरीही शे-दोनशे दुकानदारांनी वर्गणी काढून स्वतःची संदेश-व्यवस्था उभारणे हे पतपेढी चालवण्याइतके जोखमीचे नाही. तिच्यात कोणाच्या ठेवी अडकत नाहीत. कार्यकर्त्यांनी यात पुढाकार घ्यावा. चालक दरवर्षी निवडून यावा. भाव कळवणाऱ्याने मालाची प्रत आणि परिमाण लिहिलेच पाहिजे, असा नियम असावा. आणि तेच भाव आठवडे बाजारात फळ्यावर खडूने लिहावेत; कारण सातपुड्याच्या पायथ्याकडून पाटी घेऊन येणाऱ्या तडवी आणि पावरा बायांपैकी अनेकींजवळ असा फोन नसतो.