डिकॉइलर घेताना आधी पट्टीची कड बघा

प्रेसचं काम सुरू करताना बरेच जण सगळं बजेट प्रेसवर लावतात आणि डिकॉइलर स्वस्तातला उचलतात. माझ्या मते नफा इथेच गळतो.

क्रेडलमध्ये कॉइल खालच्या रोलरवर बसते आणि बाजूच्या प्लेटांमध्ये फिरते. जाड पट्टीला हे चालतं. पण ०.५ मिमीच्या पट्टीची कड प्लेटांना घासून दुमडते. मग ती डायच्या गाइडमध्ये अडकते, आणि माल रिजेक्ट!

पातळ मालाला मॅन्ड्रेलवालाच डिकॉइलर घ्या. तो कॉइल आतून धरतो. कॉइलचं आतलं माप बहुतेक वेळा ५०८ किंवा ६१० मिमी असतं. मॅन्ड्रेल तेवढा उघडतो का, ते आधी विचारा. बाजूचे आर्म कॉइल सरकू नये इतपतच टेकवायचे, आवळायचे नाहीत. डिकॉइलर आणि फीडर एका रेषेत हवेत, मध्ये पट्टीला सैल झोळ हवा.

आणि हो, अॅडव्हान्स देण्याआधी आपलीच कॉइल नेऊन चालवून बघा. पट्टीच्या दोन्ही कडा तपासा. विक्रेता ट्रायलला नाही म्हणाला, तर सरळ दुसरा विक्रेता शोधा. मशीनचे पैसे एकदाच जातात, भंगाराचे रोज जातात.