वाळवणाची जागा कुणाच्या नावावर?

मेट्रोचं वर्सोवा स्टेशन 2014 मध्ये सुरू झालं, पण तिथं उतरून वर्सोवा गाव गाठायला आजही रिक्षाच करावी लागते. स्टेशनला नाव गावाचं आणि गाव मात्र लांब, खाडीच्या तोंडाशी, मढच्या समोर! अंधेरी पश्चिमेला राहणाऱ्या आपल्यासारख्या अनेकांना वर्सोवा म्हणजे सात बंगला आणि लोखंडवाला एवढंच ठाऊक असतं. लोखंडवाला जिथे उभं आहे तिथे पूर्वी दलदल होती. कोळीवाडा मात्र तेव्हाही होता.

सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुक्या मासळीच्या वासाबद्दल तक्रारी येतात. त्यात आपली नावं दिसली की मला खटकतं. या शहरात नाव ऐकून किंवा 'नॉनव्हेज खाता का?' असं विचारून घर नाकारलं जातं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. घर मिळाल्यावर आपणच शेजाऱ्याच्या मासळीला नाक मुरडायचं? तेही आपण कोकणी मुसलमानांनी, ज्यांच्या घरी पावसाळ्यात सुक्या बोंबलाशिवाय पान हलत नाही! रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटी कुणाच्या आहेत ते एकदा जाऊन पाहावं.

अफरोज शाह या वकिलाने 2015 मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्याची सफाई सुरू केली आणि 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. आपण ती बातमी अभिमानाने फॉरवर्ड केली. काम मोठंच आहे. पण किनारा चकचकीत झाला म्हणजे कोळ्यांचा प्रश्न सुटला असं नाही.

खरा प्रश्न नोंदीचा आहे. मी डेटाबेसवर काम करतो. ज्या गोष्टीसाठी रकानाच ठेवलेला नाही, ती सिस्टिमच्या लेखी अस्तित्वातच नसते. कोळीवाड्याचं तसंच झालंय. बांबू रोवून बोंबील वाळवायची जागा, जाळी विणायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा ही साऱ्या गावाची. ती एका घराच्या नावावर नसते. नकाशावर अशी जागा मोकळी दिसते, आणि मुंबईत मोकळ्या जागेवर कुणाचा डोळा असतो ते सांगायला नको. मग उरलेल्या दाटीवाटीच्या घरांना झोपडपट्टी म्हणणं सोपं जातं. तसे प्रयत्न काही कोळीवाड्यांत झाले आणि कोळी संघटनांनी त्यांना विरोधही केला. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करण्याची तरतूद आली. पण नकाशात घरं आली आणि वाळवणाची जागा सुटली, तर धंदा जगणार कसा? पुन्हा समोर समुद्रात वांद्रे-वर्सोवा सेतूचे खांब उभे राहतायत. वरळीच्या कोळ्यांना कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून दोन खांबांतलं अंतर 60 वरून 120 मीटर करून घ्यायला काम अडवावं लागलं होतं.

यापुढे सीमांकनाच्या किंवा विकास आराखड्याच्या हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा आपल्या सोसायट्यांनीही एक पत्र द्यावं: वाळवणाच्या आणि होड्यांच्या जागा नकाशात वेगळ्या रंगाने दाखवा. मसुदा लिहिण्याआधी गावातल्या मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारावं, कुठली जागा कशाची. ते आपल्यापेक्षा नेमकं सांगतील.