हॉर्न वाजवून पुढे जाणे

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठरलेला आहे. झेब्रा पट्ट्यांपाशी माणसे रस्ता ओलांडायला उभी आहेत, तुम्ही काय कराल? पर्याय तीन. हॉर्न वाजवून पुढे जाल, वेग कमी करून हॉर्न वाजवत निघाल, की गाडी थांबवून माणसे पलीकडे जाईपर्यंत वाट पाहाल? हा प्रश्न चुकलेला उमेदवार सहसा सापडायचा नाही. पण लायसन्स खिशात पडल्यावर तिसऱ्या पर्यायाप्रमाणे वागणारा त्याहून दुर्मीळ. पहिला पर्याय हाच आपल्याकडचा चालू कायदा, आणि दुसरा म्हणजे सभ्यपणाची हद्द झाली.

शिरूरला एसटी स्टँडसमोर किंवा पाबळ फाट्यावर संध्याकाळी दहा मिनिटे उभे राहावे. बाह्यवळण झाल्यामुळे गावातला जुना पुणे-नगर रस्ता निवांत झाला असेल, अशी बाहेरच्याची समजूत होते ती तिथे उतरते. एका हातात बाजाराची पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवाचे मनगट, अशी एखादी आजी कडेला उभी असते. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे हात दाखवायचीही सोय नाही. ती एक पाऊल टाकते, मागे घेते, पुन्हा टाकते. मोटारसायकलवाला वेग कमी करत नाही. तिच्या पुढून काढायची की मागून, एवढेच ठरवतो. चारचाकीवाला लांबूनच डिपर मारतो. इंग्लंडमध्ये समोरच्याने दिवे लुकलुकवले की बहुधा 'या, जा तुम्ही' असे समजतात. आपल्याकडे त्याचा अर्थ 'जागची हललीस तर बघ' असा आहे, आणि तो आजीलाही पक्का ठाऊक आहे. ताशी 50 च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायच्या आतच ती निम्मा चौक खाते. हे गणित आजीने मांडायचे, गाडीवाल्याने नाही, अशी आपली वाटणी आहे.

कायद्यात मात्र वाटणी उलटी आहे. 2017 च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांत स्वच्छ लिहिले आहे की जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही अशा पादचारी पट्ट्यांजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि चालणाऱ्यांना, अपंगांच्या गाडीला, चाकाच्या खुर्चीला आधी जाऊ द्यावे. हेल्मेटची पावती फाटते, सीटबेल्टची फाटते, नंबरप्लेटचीही फाटते. पट्ट्यांवर माणसाला वाट दिली नाही म्हणून पावती फाटलेला कोणी असेल तर त्याचा जाहीर सत्कार करायला हरकत नाही. देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला नव्वद.

आपल्या लोकांना थांबता येत नाही असे मात्र नाही. शेजारच्या दौंड तालुक्यात आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी यवत-वरवंडला मुक्कामी येते, तेव्हा पुणे-सोलापूर रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. एरवी सेकंदभर दम न धरणारा माणूस गाडी बंद करून खाली उतरतो, चपला काढतो, पाण्याच्या बाटल्या वाटतो आणि चालणाऱ्याला माऊली म्हणतो. त्यातला भाव खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पंधरा दिवसांनी तोच वारकरी टाळ घरी ठेवून एकटाच चौफुल्याला रस्ता ओलांडत असला, तर त्याच गाडीतून 'ए म्हाताऱ्या, मरायचंय का' येते. आपण मान देतो तो दिंडीला, घोळक्याला, फार तर पोलिसाच्या काठीला. एकट्या चालणाऱ्यासाठी थांबायचे असते, हे आपल्या हिशेबातच नाही. गतिरोधकासाठी मात्र न चुकता थांबतो, कारण तिथे नुकसान आपल्या गाडीचे.

चालकाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खरी आहे. 'मी थांबतो हो, पण मागचा येऊन ठोकेल त्याचं काय?' रांजणगाव किंवा शिक्रापूरच्या चौपदरी रस्त्यावर हे भय अनाठायी नाही. त्याहून वाईट म्हणजे एका लेनमधला भला माणूस थांबतो, त्याच्या गाडीआडून माणूस पुढे सरकतो आणि शेजारच्या लेनमधून भरधाव आलेला त्याला उडवतो. भल्या माणसाचा भलेपणाच चालणाऱ्याला गोत्यात आणतो. म्हणून 'वाहनचालकांनो, सौजन्य दाखवा' असे फलक लावून आणि रस्ता सुरक्षा सप्ताहात गुलाबाची फुले वाटून काही होत नाही. त्यातून फुलवाल्याचा धंदा होतो, इतकेच.

आधी थांबायचे ते मोठ्या गाडीने. बस आडवी उभी राहिली की मागच्याला पर्याय उरत नाही, आणि ती लांबून दिसतेही. सगळ्या चालकांचे मन वळवत बसण्यापेक्षा ज्यांना हुकूम देता येतो त्यांच्यापासून सुरुवात करावी. 'हात दाखवा, एसटी थांबवा' ही योजना एसटीनेच काढली होती. प्रवासी मिळतो म्हणून भर रस्त्यात थांबणाऱ्या गाडीला पट्ट्यांपाशी थांबणे जड जाऊ नये. रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. गेटच्या आत याच बस ताशी 20 च्या पुढे जात नाहीत, पिवळ्या पट्ट्यांतून चालणाऱ्या कामगारासाठी बिनबोभाट थांबतात, कारण आत सेफ्टी ऑफिसर आहे आणि कंत्राट जाण्याची भीती आहे. चालक तोच, पाय तोच. गेटबाहेर पडल्यावर त्याचा पाय जड का होतो, हे कंपन्यांनी वाहतूक ठेकेदाराला एकदा विचारावे. कंत्राटात एक ओळ वाढवायला कुठल्या मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या आणि गाण्याच्या आवाजात मागचे-पुढचे काही न ऐकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना अशीच ओळ कारखान्याच्या शेतकी खात्याने ऐकवावी.

नगरपरिषदेचे कामही फार खर्चाचे नाही. स्टँडसमोरचे पट्टे पावसाळ्यात पुसले जातात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसेच राहतात. तिथे रंगाऐवजी उंचवटाच करावा. फुटपाथच्या पातळीचा, रुंद, सपाट माथ्याचा, म्हणजे माणूस वरून चालेल आणि गाडीला चढावे लागेल. गतिरोधकाला घाबरणारा चालक माणसालाही आपोआप घाबरतो. पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना उभ्या राहणाऱ्या रिक्षा आणि हातगाड्या चार पावले मागे सरकवल्या, तर आजी चालकाला आणि चालक आजीला दिसेल. हातगाडीवाल्यांचा राग ओढवेल हे खरे. निवडणुकीच्या वर्षात तो कोणी ओढवून घेणार नाही, हेही खरे.

इकडे पुणे ते शिरूर उन्नत मार्गाच्या गोष्टी चालू आहेत. हजारो कोटींचे काम, पन्नासहून अधिक किलोमीटर, गाड्या वरून सुसाट. वाघोली, लोणीकंद, शिक्रापूर, रांजणगाव या सगळ्या गावांतली माणसे मात्र खालूनच चालणार आहेत, खांबांच्या आडून. डिसेंबर 2024 मध्ये वाघोलीच्या केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला आणि तिघांचा जीव गेला, त्यांत दोन तान्ही मुले होती. तो रस्ता हाच. उन्नत मार्गाच्या आराखड्यात खालच्या रस्त्यावर माणसाने कुठून आणि कसे पलीकडे जायचे, हे किती पानांवर आहे, ते तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी कुदळ पडण्याआधी वाचून दाखवावे.